मागं वाजणारा टाळ

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की लोक आधी फोनवर त्या दिवसाची बातमी शोधतात, दोन-चार शिव्या देतात, कोणाला द्यायच्या ते आपापल्या सोयीनं ठरवतात, आणि माझ्या मायचं ऐकायचं राहून जातं. भंडाऱ्याहून एसटीनं दीड तास लागतो, एवढं पुरे. मी खिडकीशी बसते आणि पहिल्या थांब्याच्या आत मला झोप लागते. झोपेत गाव आधी येतं, बस नंतर पोचते. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, आटोपलेले असतात, बांध्यांमध्ये पाणी थांबलेलं असतं आणि त्या पाण्यात आभाळ आणि धानाची कोवळी पाती एकदमच हलत असतात. डोळे उघडले तरी समोर तेच असतं, त्यामुळे कंडक्टर ओरडेपर्यंत जाग आली की नाही हे नक्की कळत नाही.

दरवर्षी कानोबाला मी अशी घरी जाते. कानोबा म्हणजे आमच्याकडचा कृष्ण. जन्माष्टमीला कुंभाराकडून मातीची मूर्ती आणायची, निळ्या रंगाची, हातभर उंच. पाटावर बसवायची, वर लाकडी चौकट टांगून तिला करंज्या, पापड्या, काकड्या दोऱ्यांनी बांधायच्या. त्याला फुलोरा म्हणतात. दुसऱ्या दिवशी काला खायचा आणि दुपारी मूर्ती तलावात सोडायची. आमच्या ढिवर मोहल्ल्यात अकरा घरी कानोबा बसतो. पुरुष मंडळी सकाळीच डोंगे घेऊन तलावावर गेलेली असतात, कारण मूर्ती खोल पाण्यात न्यायची असते आणि ते काम आमचं. गावातले बाकीचे लोकही आपले देव त्या दिवशी आमच्याच हवाली करतात. उरलेलं वर्षभर ते आम्हाला मासळीच्या वासावरून ओळखतात, ते वेगळं.

घर ते तलाव मात्र बायका चालतात, आणि त्याची मोहल्ल्यात एक रीत आहे. मूर्ती घरातल्या बाईनं डोक्यावर न्यायची. पाट एकदा डोक्यावर घेतला की पाण्यापर्यंत खाली ठेवायचा नाही आणि मागं वळून बघायचं नाही. का नाही, ते कोणी सांगत नाही. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा माय म्हणाली होती, "मागचं कानोबा पायते. आपून कायले पाहाचं?" पण पुढच्या बाईला एकटं वाटू नये म्हणून घरातलं कोणीतरी तिच्या मागं पाच-सहा पावलांवर टाळ वाजवत चालतं. याला आम्ही मागं राहणं म्हणतो. टाळ ऐकू आला की पुढचीला समजतं, आपलं घर आपल्या मागं आहे. डोंगा झेपेनासा झाला तेव्हा मायच्या मागं बाबा राहायचे, ते गेल्यापासून मी राहत आले.

आमच्या टाळाला चीर आहे. बाबांनी तो जोड भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या दुकानातून आणला होता आणि तो घरी येऊन पंधरा दिवस झाले नव्हते तोच मी चिंचोके फोडायला त्यातला एक पाट्यावर आपटला. बाबांचा मलाच आपटायचा विचार होता, माय मधे पडली. तेव्हापासून मोहल्ल्यातले बाकीचे टाळ छन् वाजतात आणि आमचा टक् वाजतो. चिरलेला टाळ देवापुढं चालत नाही असं शेजारच्या म्हाताऱ्या म्हणायच्या. माय म्हणाली, "राहू द्या बापा. अकरा टाळांत आपला कोनता, ते मले आयकू तं येते."

हे वाक्य मी नंतर विसरले. कसं विसरले कोण जाणे, पण विसरले.

मी भंडाऱ्याला मोजणीच्या ऑफिसात कारकून आहे. शेतांचे, रस्त्यांचे जुने नकाशे काढून द्यायचे हे माझं काम. दिवसभर लोक माझ्या टेबलापुढं हातभर बांधावरून भांडतात, त्यामुळे माझी जीभ तिखट झाली असं वहिनीचं मत आहे. वहिनी चुकते. जीभ आधीपासूनच तिखट होती, ऑफिसात फक्त तिला पगार मिळायला लागला.

मोहल्ल्यातून तलावाकडे जाणारा रस्ता मशिदीच्या बाजूच्या गल्लीतून जातो. दुसरा रस्ता आहे, पण तो धानाच्या मिलला वळसा घालून जातो आणि त्यावर ट्रकांनी केलेले खड्डे आहेत. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, खाली दुकानं आणि वर गच्च्या. माझ्या शाळेच्या गणवेशाचे सगळे स्कर्ट याच गल्लीतल्या शिंपीकाकांनी शिवले. पाच वर्षं पुरावेत म्हणून ते खाली एवढी दुमड ठेवायचे की पहिल्या वर्षी चालताना स्कर्टचाच आवाज व्हायचा. गल्लीच्या तोंडाशी आम्ही नेहमी थांबायचो. नमाज चालू असली तर ती संपेपर्यंत डोक्यावर पाट घेऊन तशाच उभ्या राहायचो, मग निघायचो. हे कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. माय सासरी आली तेव्हाही असंच होतं.

त्या दिवशीही आम्ही थांबलो होतो. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

तीन वर्षं झाली. ती दुपार मला झोपेत बघितल्यासारखी आठवते, आवाज नसलेली. सकाळी पाऊस पडून गेला होता. ऊन आलं होतं आणि टिनांच्या छपरांवरून वाफ निघत होती. गल्लीतल्या भिंतींवरचं शेवाळ इतकं हिरवं होतं की बायकांच्या चेहऱ्यांवरही त्याचा उजेड पडला होता. अकरा निळे कानोबा हळूहळू पुढं सरकत होते, जणू खालच्या बायका नव्हत्याच आणि ते आपले आपणच तलावाला निघाले होते. माय चौथी होती. तिची पाठ, मानेवरचा घाम, नऊवारीचा ओला काठ, सगळं मला दिसत होतं. माझ्या हातात टाळ होता आणि तो मी वाजवत होते, पण आठवणीत तो वाजत नाही.

मग पुढच्या डबक्यात काहीतरी पडलं आणि पाणी वर उडालं. मला वाटलं बेडूक असेल. दुसऱ्यांदा उडालं. तिसरा दगड मायच्या पुढच्या बाईच्या कानोबाला लागला आणि निळी माती तिच्या खांद्यावर सांडली. मी वर बघितलं तर गच्चीवर तोंडाला रुमाल बांधलेली पंधरा-वीस माणसं होती आणि त्यांच्या पायाशी विटांचे तुकडे आधीपासून रचून ठेवलेले होते. ते काय ओरडत होते ते नंतरच्या जबाबांत लिहिलेलं आहे म्हणून मला माहीत: "मूर्ती इधर से नहीं जाएगी." दोन दिवसांपूर्वी कुठल्याशा दूरच्या शहरात कोणीतरी काहीतरी बोललं होतं आणि ते फोनाफोनी आमच्या गावात येऊन पोचलं होतं. आमच्यातल्या एकीलाही ते शहर नकाशात दाखवता आलं नसतं. मला आलं असतं, पण मला त्याचा पगार मिळतो.

एक गोष्ट सरळ सांगते. ते दगड आमच्या डोक्यावर देव होता म्हणून आले. आम्ही हिंदू होतो, आमचा सण होता, म्हणून आले. नंतर त्याला लोकांनी पुष्कळ नावं दिली. तणाव झाला म्हणाले, गैरसमज झाला म्हणाले, दोन गटांत वाद झाला म्हणाले. आमच्या गटात बायकाच बायका होत्या, आणि पुढच्या अकराजणींचे दोन्ही हात पाटाला होते. डोक्यावर पाट धरलेल्या बाईला तोंडापुढं हात धरता येत नाही. ज्यांनी मारले त्यांना वरून ते दिसत होतं. मला त्यांचा राग आहे. तीन वर्षांत तो कमी झालेला नाही आणि तो कमी झाला पाहिजे असं मला समजावणाऱ्यांचाही मला राग आहे.

बायका पळाल्या. कोणी पाट भिंतीशी टेकवले, कोणाचे हातून गेले. मी मायकडं बघत होते. तिच्या डाव्या भुवईवर दगड बसला. तिची मान एवढीशी हलली, पाट हलला, कानोबा हलला आणि पुन्हा सरळ झाला. ती थांबली नाही. मागं बघितलं नाही. पुढं चालत राहिली.

आणि मी पळाले.

विचार केला, मग पळाले, असं काही झालं नाही. बाजूला एक शटर अर्धं खाली येत होतं, मी वाकून आत शिरले आणि ते पूर्ण खाली आलं. आत अंधार आणि नव्या कापडाचा वास. शिंपीकाका शटरच्या कुलपाला हात लावून उभे होते. मी शिलाई मशीनच्या मागं बसले. वरून दगड शटरवर पडत होते आणि दर दगडाला शटर आत थरथरत होतं. काकांनी कुलपावरचा हात काढला नाही. ते माझ्याकडं बघत नव्हते. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांना माझी वाटत होती, ज्यांनी पाच वर्षं माझ्या कमरेचं माप घेतलं त्यांची आणि माझी ही तऱ्हा. किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी ते म्हणाले, "बेटी, पीछे से जा." मागचं दार तलावाच्या पाळीकडं उघडतं. मी पळत सुटले तेव्हा टाळ माझ्या हातातच होता, दोरी बोटाला गुंडाळलेली.

माय पाण्यात उभी होती. कमरेएवढ्या पाण्यात, डोक्यावर पाट, पाठ माझ्याकडं. तलावावर ऊन पसरलेलं होतं, शिंगाड्याच्या वेलांवर बगळे चालत होते. एवढी शांत जागा मी आयुष्यात दुसरी बघितलेली नाही. भाऊ डोंगा घेऊन पल्याडच्या काठाला गेला होता, दुसऱ्या मोहल्ल्याच्या मूर्ती घ्यायला, आणि त्याला अजून काही माहीत नव्हतं. माय त्याची वाट बघत होती. तिच्या हनुवटीवरून रक्त पाण्यात थेंब-थेंब पडत होतं. मी तिच्या मागं पाण्यात उतरले. तिनं वळून बघितलं नाही. फक्त म्हणाली, "वाजव न बाई. थांबली काहून?"

मी वाजवला. भाऊ येईपर्यंत वाजवत राहिले.

डोळा गेला. भंडाऱ्याला नेलं, तिथून नागपूरला, पण डावा डोळा गेला तो गेलाच. माय म्हणाली, "एका डोळ्यानंही मासोळी तं दिसते." रडली फक्त एकदा, चष्म्याच्या दुकानात, कारण दुकानदारानं विचारलं की दोन्ही काचा नंबरच्या हव्यात का.

आणि मग तिनं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. पोलिसांना, डॉक्टरला, बघायला येणाऱ्या प्रत्येकाला: "सारे पळाले, माह्या पोरीनं नाही सोडलं. माह्या मागंच होती. तिचा टाळ आयकत आयकत मी पाण्यापावतर गेली." मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. पहिल्या वेळी मला वाटलं, डोक्याला मार लागलाय, बोलू दे. दुसऱ्या वेळी वाटलं, आता पाहुण्यांसमोर कसं सांगू. तिसऱ्या वेळी पोलिसांनी मला विचारलं, तुम्ही कुठं होता, आणि मी म्हणाले, आईच्या मागं होते.

मला वाटायचं, तिला खरंच कळलं नाही. मागं बघायचं नाही ही रीत, तिनं बघितलं नाही, मग कळणार कसं? गल्लीत एवढा गोंधळ, त्यात टाळ कोणाला ऐकू येतो? माझ्या आठवणीत तर त्या गल्लीत आवाजच नाही. मी माझ्या बहिरेपणावरून तिचा अंदाज बांधत होते. पाण्यात ती "थांबली काहून" म्हणाली, ते मी तेवढ्यापुरतंच धरलं, आत्ता पाण्यात उतरताना थांबली असेल म्हणून.

मोहल्ल्यानं आमचा सत्कार केला. मायला साडी, मला शाल आणि नारळ. बाहेरून एक मोठे पाहुणे आले होते, त्यांनी भाषणात मला रणरागिणी म्हटलं. मी खाली बघत होते ते लोकांना नम्रपणा वाटला. पाहुण्यांना मायनं कॅमेऱ्यासमोर काहीतरी जोरदार बोलायला हवं होतं. माय म्हणाली, "मले तेवढं त्या रस्त्यानं पुन्हा जाऊ द्या. दुसरं काही नोको." एवढ्यानं त्यांचं भागलं नाही आणि ते जेवण न करता गेले. गल्लीतली दोन वडीलधारी माणसंही एकदा दारात येऊन गेली, झालं ते वाईट झालं म्हणाली. मायनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, "डोळा कोनाच्या पोरानं घेतला, तेवढं सांगता का?" त्यांनी चहा अर्धा ठेवला. ती शाल माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीतच आहे. नारळाचं काय झालं आठवत नाही.

ऑफिसात एक साहेब म्हणाले, "मिलच्या बाजूनं न्यायच्या ना मूर्ती, दुसरा रस्ता होता तर." मी त्यांना आमच्या गावाचा जुना नकाशा काढून दाखवला. त्यात ती गल्ली सार्वजनिक रस्ता म्हणून आहे, साहेबांच्या आजोबांच्या काळापासून. ते म्हणाले, अहो मी आपलं सहज म्हटलं. मी म्हटलं, मी पण सहजच दाखवला.

शिंपीकाकांनी पोलिसांना सांगितलं, मी शटर लावून आत होतो, काही बघितलं नाही. गच्चीवरचा एकजण त्यांच्याच घरातला होता असं गावात म्हणतात. खरं काय, माहीत नाही. पण मी त्यांच्या दुकानात होते हेही त्यांनी सांगितलं नाही, ना पोलिसांना ना गावाला. त्यांनी मला वाचवलं आणि त्यांनी बघितलेलं लपवलं, आणि मला अजून एका वेळी दोन्ही गोष्टी मनात धरता येत नाहीत. शिवाय जबाब मीही दिलाय.

पुढची दोन वर्षं मूर्ती मिलच्या रस्त्यानं गेल्या, पोलिसांच्या गाडीमागून. माय गेली नाही. आमचा कानोबा तिनं अंगणात पाण्याच्या टाकीत सोडला आणि तो विरघळेपर्यंत टाकीजवळ बसून राहिली. दोन्ही वर्षी मी ठरवून आले होते की या वेळी सांगायचं. एकदा ती शिंगाडे सोलत होती, एकदा माझ्या डोक्याला तेल लावत होती. तेल लावताना मी म्हटलं, "माय, त्या दिशी..." ती म्हणाली, "हाल्लू नोको, भांग वाकडा होऊन राहिला." मी सांगितलं नाही. ती वारली तर काय, असं मनात येऊ लागलं होतं. मग ही शाल आयुष्यभर माझीच.

यंदा बैठक झाली, दोन्हीकडचे लोक बसले, आणि गल्लीचा रस्ता मोकळा झाला. मायनं फोनवर मला सांगितलं ते सण असल्यासारखं. सण होताच म्हणा. घरी पोचले तर ती टाळ चिंचेनं घासत बसली होती. म्हणाली, "डाव्या अंगचा खड्डा मले दिसत नाही. पाट डोक्शावर घेऊन पडली तं कानोबा जाईन. वहिनीच्या मानेले पट्टा आहे. पाट आता तू घे."

"अन् मागं?"

"मागं मी."

मला नाही म्हणायचं होतं. ज्या बाईला मी तिथं टाकून पळाले तिनं तिथंच माझ्या मागं राहायचं, हे मला सोसणार नव्हतं. पण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. मी पाट डोक्यावर घेतला.

पाट जड असतो हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मागून तो तरंगताना बघितला होता. मातीचा ओला थंडावा टाळूतून खाली उतरतो, हात आखडतात, आणि समोरचं सोडून जग उरत नाही. बाजूचं कोणी, मागचं कोणी, काही दिसत नाही. सगळं जग कानात येऊन बसतं. मागून टाळ वाजला. टक्. मोहल्ल्यातल्या सगळ्या छन् छनमध्ये एक टक्, थोडा उशिरा, थोडा बसका. मला तो इतका स्पष्ट ऐकू आला की मी दचकले. आपलं घर. मी पाऊल टाकलं, टक्. दुसरं टाकलं, टक्.

गल्लीच्या तोंडाशी आम्ही थांबलो, मग आत शिरलो. गच्च्यांवर पोलीस उभे होते. शेवाळ तसंच हिरवं होतं. शिंपीकाका दुकानाच्या पायरीवर उभे होते, गळ्यात माप घ्यायची फीत, मान खाली. दुकानापर्यंत आले आणि माझं पाऊल अडलं. मी मनात म्हटलं, चाल, टाळ आहे ना मागं.

आणि टाळ थांबला.

छन् छन् चालू होतं. शेजारणींचे सगळे टाळ वाजत होते, लोक बोलत होते, पोलिसांची शिट्टी वाजत होती, आणि त्या सगळ्यात एक टक् नव्हता आणि मला दुसरं काही ऐकूच येईना. माय पडली? डाव्या अंगचा खड्डा? कोणी काही मारलं? वळायचं नाही. हात सोडायचे नाहीत. मी एक पाऊल टाकलं, काही नाही. दुसरं टाकलं, काही नाही. तिसरं. एवढी एकटी मी कधीच नव्हते, भर गर्दीत, डोक्यावर देव असताना.

टक्.

खड्डाच होता, हे तिनं नंतर सांगितलं. तिनं पायानं चाचपून तो ओलांडला होता, तेवढी तीन पावलं. पण मला सगळं कळलं होतं. त्या गल्लीत दगड पडत असताना, डोळ्यातून रक्त जात असताना तिला माझा टाळ थांबलेला ऐकू आला होता. कोणालाही आला असता. अकरा टाळांतला आपला कोणता ते जिला ओळखू येतं तिला तर पहिल्याच पावलाला आला असणार. माझी तीन पावलं होती. तिथून तलाव तीनशे पावलं आहे. ती तीनशे पावलं तशीच चालली, मागं काही नसताना, आणि पाण्यात उभी राहून माझी वाट बघत राहिली. भावाची नाही. आणि मग दवाखान्यात, शुद्ध येताच, सगळ्यात पहिलं काम तिनं काय केलं असेल तर मला झाकलं.

गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी रडत होते. हात पाटाला होते, पुसणार कसं?

तलाव भरलेला होता. मी कमरेएवढ्या पाण्यात गेले. भाऊ डोंगा घेऊन आला, त्यानं कानोबा उचलून घेतला, माझ्याकडं बघितलं आणि डोंगा वळवला. डोंगा आत गेला. आता वळायला हरकत नव्हती. मी वळले.

माय काठावर घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती, तोंड जरा डावीकडं वळवून, उजव्या डोळ्यानं मला नीट बघता यावं म्हणून. मूर्ती गेली होती, बाकीचे टाळ बंद झाले होते, ती मात्र वाजवत होती.

मी तिथूनच म्हटलं, "माय, त्या दिशी मी तुह्या मागं नव्हती. मी पळाली होती."

ती वाजवतच राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा तोंड उघडलं.

"किती कल्ला होता व त्या दिशी," ती म्हणाली. "त्यात मले का आयकू येते?"

"माय, बस कर आता. वाजवू नोको."

"तू भायेर ये पयले," ती म्हणाली. "गाळ आहे तिथं."

मी पाण्यातून चालत तिच्याकडं निघाले. गाळ होता, पाय रुतत होते, वेळ लागला. मी काठावर पाय ठेवून तिचा हात धरेपर्यंत तिनं टाळ थांबवला नाही.